गेटिसबर्गच्या माळावर ठासणीची बंदूक

वॉशिंग्टनचे दोन दिवस स्मारके पाहण्यात गेले. तिसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गला, उत्तर-दक्षिण अमेरिकेच्या यादवी युद्धातली १८६३ ची मोठी लढाई जिथे झाली तिथे, पोहोचलो तेव्हा जुलैचे ऊन चढले होते आणि गर्दी एवढी होती की, बंदुकीचे प्रात्यक्षिक नीट दिसावे म्हणून मला तासभर आधीपासून दोरीला टेकून उभे राहावे लागले. त्या तासाबद्दल आता माझी काही तक्रार नाही.

निळा लोकरी गणवेश घातलेल्या स्वयंसेवकाने १८६१ च्या नमुन्याची स्प्रिंगफील्ड बंदूक डाव्या हाताने उभी धरली, उजव्या हाताने कमरेच्या पेटीतून कागदी काडतूस काढले आणि त्याचे टोक दातांनी फाडले. मग नळीत दारू ओतणे, गोळी गजाने ठासणे, गज जागी सरकवणे, चापाखाली ठिणगी देणारी छोटी टोपी बसवणे हे सगळे त्याने बोलत बोलत दाखवले, पण माझे मन त्या दातांपाशीच थांबले होते. १८५७ च्या धड्यातले चरबीचे काडतूस ज्या एनफिल्ड बंदुकीचे, तीच बंदूक सहा वर्षांनी दक्षिणेच्या अनेक सैनिकांच्या हाती याच माळावर होती. काडतूस दातांनी तोडावे लागे, हे वाक्य मी शाळेत पाठ केले होते. एक हात बंदुकीत गुंतलेला असतो म्हणून दात लागतात, हे मला पन्नाशीत, इतक्या दूर येऊन कळले. इंग्रजांनी पुढे काडतूस बोटांनी फाडण्याची मुभा दिली, पण तोवर शिपायांचा विश्वास उडून गेला होता.

नंतर त्याने एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. मऊ शिशाची, अंगठ्याच्या पेराएवढी, आकाराच्या मानाने फार जड आणि तळाशी पोकळ. नळीपेक्षा किंचित बारीक असल्यामुळे ती सहज आत उतरते, आणि बार उडताच तिची पोकळ कड फुगून नळीतल्या पिळदार खाचांत घट्ट बसते, म्हणून ती गरगरत, नेमाने लांब जाते. हाडावर बसली की मात्र तीच मऊ गोळी पसरून हाडाचा चुरा करी, आणि मग हात किंवा पाय कापण्यावाचून शस्त्रवैद्यापुढे बहुधा इलाज नसे.

दुपारी मी दक्षिणेचा सेनापती पिकेट याच्या चढाईची वाट पायी चाललो. ३ जुलै १८६३ रोजी सुमारे १२,५०० माणसे हा उघडा माळ ओलांडत आली, आणि दगडी बांधाआडच्या उत्तरेच्या काही तुकड्यांनी ती जवळ येईपर्यंत बार राखून ठेवले होते. मला घशाला कोरड पडण्याइतके ते अंतर लांब वाटले, आणि माझ्यावर तर कोणी नेम धरलेला नव्हता.

लढाईनंतर गोळा केलेल्या २७,००० हून अधिक बंदुकांपैकी सुमारे २४,००० भरलेल्याच निघाल्या. कित्येकींत दोन बार एकावर एक ठासलेले होते आणि एकीत तर तेवीस. धूर आणि गदारोळात आपली बंदूक उडालीच नाही, हे त्या माणसाला कळलेही नसेल. शेजाऱ्याचा बार तो आपलाच समजून त्याने पुन्हा पेटीत हात घातला असेल, पुन्हा कागद दातांत धरला असेल.