आमची वाटचाल : मंडपातलं नाटक मोबाइलवर

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, मंडया (गावजत्रा) भरतात आणि मंडईमागोमाग नाटकं सुरू होतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. होळीच्या आसपास हंगाम आटोपतो. नाटक कंपन्यांची बुकिंगची ऑफिसं वडशाला. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. या नाटकांचं चित्रीकरण करून ती ऑनलाइन भाड्याने दाखवायची, हा आमचा धंदा. माणसं तीन : मी, माझा साळा आणि एडिटिंगला पुतणी.

आधी आम्ही लग्नाची शूटिंग करायचो. उन्हाळ्यात अजूनही करतो, कारण नाटकाचा हंगाम संपल्यावर घर त्यावरच चालते. २०१६ मध्ये जिओ आलं आणि दोन-तीन वर्षांत गावातल्या प्रत्येक घरात नेट पोचलं. तेव्हा सगळे करतात तेच आम्हीही केलं, यूट्यूबवर चॅनल उघडलं. १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं ही अट पूर्ण झाली, पत्ता पडताळायचा गूगलचा पिन पोस्टाने घरी आला, पोस्टमनकाकांनी पेढे मागितले. पण त्या पैशावर तीन माणसांचं भागत नाही, हे हिशोबाची वही उघडली की दिसायचं. जाहिरातीच्या शंभर रुपयांतले पंचावन्न आपले, शॉर्ट्सच्या वाट्याचे पंचेचाळीस टक्के. ऐकायला बरं वाटते. मात्र मराठी व्हिडिओला जाहिरातीचा दरच कमी, आणि शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसा हलत नाही. विनोदी नटाची वीस सेकंदांची क्लिप तुफान चालायची, आणि त्यातून चहाचा खर्च निघायचा.

दुसरी अडचण गाण्यांची. आमच्या नाटकात फिल्मी चालीवर गाणं नसेल तर प्रेक्षक शिट्टी मारत नाही. अशा गाण्यावर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, आला की त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाते. मालकाने तक्रारच केली तर स्ट्राइक, म्हणजे चॅनलला ताकीद. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल बंद. ज्या दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, त्यावर बँकेचा हप्ता घ्यायला मन धजत नव्हतं.

मग स्वतःची साइट करायची ठरवलं. पण साइट नंतरची गोष्ट. आधी नाटक कंपन्यांचं मन वळवायचं होतं. वडशाच्या एका मालकाने सरळ विचारलं, “भाऊ, तुमी नाटक फोनवर टाकलं तं मंडपात कोन येईल?” प्रश्न बरोबर होता. गावचं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देऊन नाटक आणते आणि तिकिटं विकून ती भरून काढते. तिकीट खपलं नाही तर मंडळ बुडते, आणि पुढच्या वर्षी त्या गावात नाटक होत नाही. म्हणून आम्ही एक नियम केला : नाटक त्या हंगामात गावोगाव चालू असेपर्यंत त्याचा पूर्ण व्हिडिओ आमच्या परिसरात उघडायचा नाही. गावाकडच्या लोकांना तो होळीनंतर. बाहेरगावी असलेल्यांना आधी, पण आमच्याकडे नाव-नंबर नोंदवून आणि सध्या कुठे आहेत ते सांगून. थोडी फसवाफसवी होते, चालायचंच. ज्याला मंडपात बसून नाटक पाहता येते तो कानटोपी घालून येतोच. थंडी, शेजारचे पाहुणे आणि मध्यंतरातली भजी फोनवर मिळत नाहीत.

बाहेरगावी कोण आहे, हे कळल्यावर धंद्याचं खरं गणित लागलं. पुण्यात कंपनीत असलेली पोरं, नागपूरला शिकणारी मुलं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मिरची तोडायला तेलंगणात गेलेली माणसं. धान निघालं की आमच्याकडची गावंच्या गावं खम्मम भागात जातात, आणि नाटकाचा हंगाम नेमका तेव्हाच. पहिल्याच वर्षी तिथून एका काकूंचा फोन आला : “आवाज येते बापू, पन चित्र अटकून राहिलं.” तोवर आम्ही चित्राच्या नादात होतो. ७२०पी मध्ये चार तासांचं नाटक साधारण अडीच-तीन जीबी खाते, आणि माणसाचा दिवसाचा डेटा दीड-दोन जीबी. आता प्रत्येक नाटकाची हलकी प्रत वेगळी काढतो : चित्र बारीक, आवाज स्वच्छ. शिवाय अंकानुसार तुकडे करतो. रोज काम आटोपल्यावर एक अंक पाहायचा, तीन-चार रात्रींत नाटक संपते.

आवाजासाठी मात्र मेहनत घ्यावी लागते. कॅमेऱ्याच्या माइकवर जनरेटरचीच घरघर जास्त येते. म्हणून साउंडवाल्या भाऊंशी आधी दोस्ती, मग त्यांच्या मिक्सरमधून सरळ वायर आपल्या रेकॉर्डरला. प्रेक्षकांचं हसणं पकडायला एक माइक वेगळा, तो नंतर खाली मिसळायचा. फोटोचे जुने कॅमेरे अर्ध्या तासाने आपोआप थांबतात, ऐन रडण्याच्या प्रवेशात. म्हणून दोन कार्डांचा साधा व्हिडिओ कॅमेराच घेतला. रात्री दव पडते तेव्हा लेन्सवर धुकं धरते, त्याला सुती दुपट्ट्याइतका दुसरा इलाज नाही.

भाड्याचा दर एका नाटकाला तीस रुपये, अख्ख्या हंगामाचा पास दोनशे. दरमहा आपोआप पैसे कापायची सोय आहे, पण आमचा गिऱ्हाईक तिला भितो. खात्यातून न सांगता पैसे गेले, या भीतीने माणसं ॲपच काढून टाकतात. शिवाय आमच्याकडे पगार महिन्याला नाही, धानाला येतो. आधारभूत केंद्रावर (सरकारी खरेदीला) धान गेलं आणि त्याचे चुकारे, म्हणजे पैसे, जमा झाले की पास खपतात. चुकारे लांबले की आमचाही हात आखडतो. म्हणून पास जानेवारीत घेतला तरी हंगामभराचाच, आधीची नाटकंही त्यात पाहायला मिळतात.

पेमेंट गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्यावरचा जीएसटी वजा करून जे उरते, त्यातला निम्मा वाटा कंपनीचा आणि दहावा नाटककाराचा. कलाकारांची सही आधी घेतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ प्रमाणे सादरीकरणावर कलावंताचाही हक्क असतो, हे वडशात फार थोड्यांना माहीत होतं. सही मागितल्यावर काही जण आधी घाबरले, मग दर विचारू लागले. चांगलंच झालं. आणि फिल्मी चालीचं गाणं आमच्या प्रतीत नसते. त्या जागी स्थानिक संगीतकाराचं गाणं बसवायला आता दोन-तीन कंपन्या स्वतःहून तयार असतात.

यूट्यूब सोडलं नाही. तिथे पाटी लावली आहे असं समजा : नाटकातले छोटे प्रवेश, कलाकारांच्या मुलाखती आणि शंकरपट. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी दिली तेव्हापासून पटाचे व्हिडिओ सगळ्यात जास्त पाहिले जातात. २०२३ मध्ये आमच्या झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या लोकांनीही चौकशी केली. कौतुक भरपूर झालं, पास फार कमी खपले. त्याचं वाईट वाटत नाही. झाडीपट्टीबद्दल कुतूहल असलेल्या हजारांपेक्षा, तिची आठवण येणारे शंभर आमच्या कामाचे.

त्या शंभरांचे फोन नंबर आमच्या वहीत आहेत, ही आमची खरी मिळकत. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ माणसांची, आणि समोरच्याने आपला नंबर सेव्ह केला असेल तरच मेसेज पोचतो. म्हणून मंडपाबाहेर चहाच्या टपरीवर फलक लावतो : ‘नंबर सेव्ह करा, पहिला अंक फुकट पहा.’ पुतणीची ही युक्ती.

येत्या दिवाळीपासून दंडारीचं, म्हणजे आमच्याकडच्या नाच-गाण्याच्या लोककलेचं, चित्रीकरण सुरू करायचं आहे. तिथे अडलं आहे ते पैशाच्या वाटपात. नाटकाला कंपनी असते, करार करता येतो. दंडार गावातली माणसं उभी करतात. नाचणारे, ढोलकीवाला, कपडे शिवणारा, जेवण देणारं घर, वाटा कोणाचा किती? एका गावच्या मंडळाचं म्हणणं पडलं की सगळे पैसे देवळाच्या कामाला द्या. नाचणाऱ्या पोरांना ते मान्य नाही. पोळ्याला पुन्हा बैठक ठेवली आहे.