आईने वाचावी म्हणून लिहिलेली रोजनिशी

मी पंधरा वर्षांची असताना आईने माझी रोजनिशी वाचली. त्यानंतर मी लिहिणे थांबवले असते तर निदान कोणाच्या तरी लक्षात आले असते; पण मी लिहीतच राहिले, फक्त आता ती आईने वाचावी म्हणून लिहू लागले. ‘आज गणिताचे दोन धडे झाले. उद्या लवकर उठायचे आहे.’ आई समाधानी झाली. खरे काही कागदावर येईनासे झाले आणि काही महिन्यांनी ते मनातल्या मनातही नीट मांडता येईना.

आमच्या घरात मारझोड नव्हती, हे आधीच सांगायला हवे, कारण कडक आईवडील म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर छडी येते. आमच्याकडे वेळापत्रक होते, खोलीचे दार उघडे ठेवण्याचा नियम होता, आणि कोणत्याही मैत्रिणीकडे जायचे तर तिथे कोण कोण असेल याची उलटतपासणी होती. ती टाळण्यासाठी मी परवानगी मागणेच सोडले. तीन-चारदा नकार ऐकल्यावर मैत्रिणींनी बोलावणे सोडले. चित्रे काढणे कधी सुटले ते तर मलाही आठवत नाही. घरात मात्र याचा अर्थ असा लावला गेला की मुलगी आता शहाणी झाली, तिचे इकडेतिकडे लक्ष नाही.

आवडीच्या गोष्टींतला रस जाणे आणि माणसांपासून दूर होणे ही नैराश्याची ठळक लक्षणे शिस्तीच्या घरात सद्गुण म्हणून खपून जातात, आणि उरलेल्या लक्षणांनाही तिथे दुसरी नावे तयार असतात. किशोरवयातले नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नव्हे तर चिडचिडीतून दिसते. निदानाच्या निकषांमध्येही मुलांच्या बाबतीत उदासीच्या जागी चिडचिड ग्राह्य धरली आहे. घरात तिला ‘उलट बोलणे’ म्हणतात. थकव्याला आळस म्हणतात, एकाग्रता जाण्याला फोनचा नाद म्हणतात. रात्री उशिरापर्यंत झोप न येणे हा बेशिस्तपणा ठरतो. वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते आणि झोप उशिरा येऊ लागते, हे कोणी विचारात घेत नाही. तज्ज्ञ मात्र यातली बरीच लक्षणे एकत्र, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे टिकली आहेत का आणि त्यामुळे रोजचे जगणे अडले आहे का, हे पाहतात.

मग शिक्षा होते, आणि ती नेमकी कशाची होते? खेळ बंद, मैत्रिणी बंद, गाणी बंद. नैराश्यावरच्या उपचारात माणसाला हळूहळू पुन्हा कृतीकडे, आनंद देणाऱ्या छोट्या गोष्टींकडे आणि माणसांकडे नेले जाते. घरातली शिक्षा त्याच्या बरोबर उलट्या दिशेने नेते, आणि तीही मुलाच्या भल्यासाठी.

तरीही सगळा दोष शिस्तीच्या माथी मारणे मला मान्य नाही. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960च्या दशकात पालकत्वाच्या पद्धतींची जी मांडणी केली, तिच्यात नियम ठाम ठेवूनही मुलाचे ऐकून घेणारे पालक आणि केवळ आज्ञापालन मागणारे पालक वेगळे दाखवले आहेत. पुढे 1996 मध्ये संशोधक ब्रायन बार्बर यांनी आणखी एक भेद स्पष्ट केला: वागण्यावरचे नियंत्रण वेगळे आणि मनावरचे नियंत्रण वेगळे. ‘नऊच्या आत घरी ये’ हे पहिल्या प्रकारातले. ‘आमच्या कष्टांचे हेच पांग फेडलेस का’ हे दुसऱ्या प्रकारातले, आणि नैराश्याशी अधिक संबंध या दुसऱ्याचाच आढळतो. आमच्या घरात हे काम अबोला करत असे. कमी गुण पडले की वडील दोन-दोन दिवस माझ्याशी बोलत नसत. ताट वाढले जाई, फी वेळेवर भरली जाई, फक्त मी तिथे नाही असे सगळे चाले. त्या दोन दिवसांत मला राग कधी आला नाही, आपण कोणाच्या प्रेमाच्या लायकीचे नाही एवढेच पक्के होत गेले. आवाज चढत नसल्यामुळे अबोल्याला आपण सौम्य समजतो. मला तो कधीच सौम्य वाटला नाही.

पाळत ठेवण्याविषयीही एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर या संशोधकांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध केला. पालकांना मुलांविषयी जे ठाऊक असते ते मुख्यतः चौकशीतून किंवा बंधनांतून नव्हे, तर मूल आपणहून सांगते त्यातून आलेले असते, असे त्यांना दिसले. माझ्या आईला रोजनिशीतून जे कळत होते, ते मी तिच्यासाठी लिहिलेले होते.

कडक पालक असले म्हणजे नैराश्य येतेच असे नाही. आनुवंशिकता असते, शाळेतली छळवणूक असते, आणि कधी मूल आधी मिटते व घाबरलेले पालक नंतर दोर आवळतात. माझ्या बाबतीत आधी काय झाले, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

अशा घरातल्या मुलाने सांगायचे कसे? ‘मला उदास वाटते’ या वाक्यावर आमच्याकडे वाद झाला असता, ‘तुला कमी काय आहे’ असा. डोकेदुखीवर वाद झाला नाही. नैराश्यात डोके आणि पोट खरोखर दुखते, तेव्हा मी खोटे बोलत नव्हते. म्हणून मी आजही सांगते की झोप, भूक, वाचलेले लक्षात न राहणे, किती आठवडे, हे मोजून सांगावे. आकड्यांची भाषा कडक माणसांना समजते. घरात अजिबात सोय नसेल तर शिक्षक, मावशी, काका, जे कोणी ऐकेल त्याला सांगावे, आणि मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी.

डोकेदुखीसाठी नेले त्या डॉक्टरांनी आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले. इथले बोलणे इथेच राहील, फक्त जिवाला धोका वाटला तर घरी सांगावे लागेल, हे त्यांनी आधी स्पष्ट केले आणि मग सरळ विचारले, “मरून जावे असे वाटते का?” असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे, मला तर कोणीतरी खिडकी उघडल्यासारखे झाले. मी रडले नाही. ‘कधी कधी’ म्हणाले. त्यांनी माझ्याशी बोलून, माझ्यादेखत, आईवडिलांना समुपदेशनाची गरज समजावून सांगितली.

परतताना वडील एक शब्द बोलले नाहीत, आणि मला वाटले, झाला अबोला सुरू. घराच्या दाराशी आल्यावर त्यांनी खिशातून वही काढली आणि विचारले, “पुढच्या वेळी किती वाजता जायचे आहे?”