शेवटचं पोर्ट्रेट कुणाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नागपुरात बर्डीवर कुणी भेटलं, लग्नात कुणी शेजारी बसलं की हा प्रश्न येतोच: शेवटचं पोर्ट्रेट कुणाचं केलं, आणि नंतर का थांबलात?

महाल भागातल्या एका आजींचं. सहस्रचंद्रदर्शनासाठी लेकींनी ऑर्डर दिली होती. आजी स्वतः समोर बसणार होत्या, आणि माझ्यासाठी हे फार मोठं होतं. तोवरच्या माझ्या बहुतेक ऑर्डरी गेलेल्या माणसांच्या होत्या. शाळेच्या सभागृहात संस्थापक, दिवाणखान्यात आजोबा. हाती यायचा तो पासपोर्ट फोटो, नाहीतर लग्नाच्या ग्रुपमधला अंगठ्याएवढा चेहरा. फ्लॅशने गाल सपाट झालेले, सावल्या नुसत्या काळ्या, एक कान टोपीखाली. कातडीचा रंग मनानेच ठरवायचा, त्यावर घरच्यांचं म्हणणं, "थोडं गोरं करा." त्या घरांचं दुःख खरं होतं, म्हणून मी ती कामं जीव ओतून केली.

आजींच्या बैठका मी मुद्दाम जानेवारीत ठेवल्या. उत्तरेच्या खिडकीचा उजेड दिवसभर स्थिर राहतो, असं चित्रकलेच्या पुस्तकांत असतं. पण ती पुस्तकं युरोपातली. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या अखेरीस सूर्य आपल्या डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि त्याच खिडकीतून ऊन आत येतं. हिवाळ्यात मात्र तो उजेड गार आणि एकसारखा मिळतो.

पहिला अर्धा तास माणूस फोटोला बसल्यासारखाच बसतो. मग खांदे उतरतात, ओठ सैल पडतात. जिवंत चेहऱ्याला एक रंग नसतो: कपाळ पिवळसर, नाक-गालांच्या पट्ट्यात रक्ताची लाली, हनुवटीकडे किंचित हिरवट-निळी झाक. आजींच्या सावळ्या रंगात हे सगळं होतं. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि जरासा अल्ट्रामरीन यांतून मी ते शोधत होते, आणि कितीतरी वर्षांनी अंदाज न करता रंगवत होते.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी वास ओळखला. "काय लावून राहिली गं हे? जवसाचंच तेल आहे नं?" तेच होतं. तैलरंग बहुतेक जवसाच्या तेलातच घोटलेले असतात. मग माहेरचा तेलघाणा निघाला, जवसाची चटणी आणि ज्वारीची भाकर निघाली, आणि बोलता बोलता त्यांची डावी भुवई वर गेली. लेकी म्हणाल्या, आई रागवायच्या आधी अशीच बघते. ती भुवई मी त्याच दिवशी ओल्या रंगात पकडली. घरात आजींचे ढिगाने फोटो होते. एकातही ती नव्हती.

त्यानंतर पुन्हा फोटोवरूनच्या ऑर्डरी आल्या. पहिल्याच फोटोसमोर बसले आणि हात चालेना. पैशाचंही सांगते, कारण ते खरं आहे. आता फोटो कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारून मिळतो, तोही हाताने केलेल्या कामाच्या मानाने फार स्वस्तात. ज्यांना भिंतीवर चेहरा हवा त्यांचं त्यात भागतं, आणि समोर बसायला तयार असणारी माणसं इतकी कमी की त्यावर घर चालत नाही. मी नोकरी धरली.

कुणी जॉन सिंगर सार्जंट या नामवंत पोर्ट्रेट चित्रकाराचं उदाहरण देतं. त्याने 1907 च्या सुमारास पोर्ट्रेटच्या ऑर्डरी जवळपास बंद केल्या, पण निसर्गचित्रं करत राहिला. तुम्हीही करा की. मला झाडं-डोंगर रंगवायची ओढ कधीच नव्हती. मला माणसाचा चेहराच हवा होता.

आजींच्या चित्राला व्हार्निश पुढच्या हिवाळ्यात केलं. नागपूरच्या उन्हाळ्यात वरचा थर लवकर वाळतो, आतला वाळत नाही, म्हणून घाई करता येत नाही. तेव्हाही आजी खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि नाक जरा मोठं झालंय म्हणाल्या. नाक होतंच तेवढं, म्हणून मी तसंच ठेवलं.

आता वडिलांचा फोटो घेऊन माझ्याकडे येता, तेव्हा मी आधी विचारते, वडील आहेत का? असतील तर शासकीय चित्रकला महाविद्यालयातून शिकून निघालेली मुलं आहेत गावात. त्यांच्यातल्या एखाद्यासमोर वडिलांना चार सकाळी बसवा, आणि त्याला त्या सकाळींचेही पैसे द्या.