आमची वाटचाल : सीएनजीच्या पत्रकापासून दिंडीच्या पदापर्यंत

आमच्या पाटीवर ‘मराठी लेखन, भाषांतर, मुद्रितशोधन’ एवढंच आहे. आत कपाटाच्या वरच्या कप्प्यात गाड्यांच्या सर्व्हिस पुस्तिका आणि खालच्या कप्प्यात संगीतिकेच्या वह्या. हे दोन्ही एकाच ठिकाणी कसं, असं लोक विचारतात. मला ते एकच काम वाटतं. ऐकणाऱ्याला पहिल्या फटक्यात कळलं पाहिजे.

सुरुवात २००९ची, सदाशिव पेठेतल्या एका माडीवर. पुण्यातल्या रिक्षा तेव्हा सीएनजीवर जात होत्या. स्वारगेटजवळचे गॅरेजवाले काका किटसोबतचं इंग्रजी पत्रक घेऊन आले. “ताई, माझ्या रिक्षावाल्यांना कळेल असं लिहा. शाळेतलं मराठी नको.” मी लिहिलं, ‘सिलिंडरची जलदाब चाचणी आवश्यक’. काकांनी ते गॅरेजात मोठ्याने वाचलं. तिघे रिक्षावाले उभे होते, एकालाही कळलं नाही. मग मी लिहिलं : ‘टाकीत २०० बारचा दाब असतो. दर तीन वर्षांनी टाकी टेस्टिंगला द्यायचीच. प्लेटवरची तारीख बघा.’ तेव्हापासून आमचा प्रत्येक मजकूर वापरणाऱ्यासमोर मोठ्याने वाचला जातो. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं : क्लायंटच्या साहेबाला नंतर दाखवा, आधी मेकॅनिकला दाखवा.

आमची खरी पुंजी म्हणजे शब्दसूची. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये आणताना ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ व्हायचा, तो एकेक बसून दुरुस्त केला. गॅरेजात, आरटीओबाहेर, पंपावर कानावर पडलेले १,४०० शब्द दहा वर्षांत जमवले. कोणता शब्द कुणाकडून ऐकला तेही टिपलेलं.

मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कामं येत गेली, बिलं निघत गेली.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक निकष, लागू होणार होते. बीएस-५ वगळून थेट उडी. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १०वर, डिझेल गाड्यांना काजळी धरणारी फिल्टर. म्हणजे प्रत्येक पुस्तिका नव्याने लिहायची. ते आमचं वर्ष ठरणार होतं. जानेवारीत आमचाच एक सहकारी नोकरी सोडून गेला. सात वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस. जाताना शब्दसूची घेऊन गेला आणि आमच्याच ग्राहकांना निम्मा दर देऊन मोकळा झाला. तीन मोठी कामं एका महिन्यात गेली. पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. त्याच्या पुस्तिकेत फिल्टरच्या ‘रिजनरेशन’ला ‘पुनर्निर्मिती’ असं छापलं होतं. चालकाने त्यातून काय समजायचं? आम्ही लिहिलं होतं : ‘दिवा लागला की गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात चालवा. आतली काजळी जळेपर्यंत इंजिन बंद करू नका.’ शब्द नेता येतात, ते कुठे वापरायचे ते नेता येत नाही. हे मी आजही रागाने लिहिते आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. तुम्ही मात्र शब्दसूची कधीही खुल्या फाइलमध्ये ठेवू नका.

त्याच हिवाळ्यात आम्ही साठवलेला पैसा संगीतिकेत घातला होता. आजी, आई आणि नातू यांची गोष्ट, मध्ये घरातली बंद पडलेली पायपेटी. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ज्या शहरात संगीत नाटकाची वाट घातली, तिथे तीन पिढ्यांना एका रांगेत बसवणारं नवं काहीतरी असावं ही माझी फार जुनी इच्छा. चौदा पदं, चाली आधी आणि शब्द नंतर. दिंडी या वृत्ताच्या ओळीत १९ मात्रा, नवव्या मात्रेवर यती, म्हणजे थांबा. तिथे शब्द तुटला तर गाणारीचा श्वासही तुटतो. तार सप्तकातल्या लांब स्वरावर ‘ई’ आली की गळा आवळतो, तिथे ‘आ’ लागतो. म्हणून ‘नदी’ काढून ‘धारा’ घातली. पायपेटीच्या भात्याचं कातडं नवं बसवलं, पडदे शिवले, थिएटरचं भाडं भरलं. प्रयोग पाडव्याला, २५ मार्चला. त्याआधीच नाट्यगृहं बंद झाली आणि पाडव्याच्या दिवशी देशाला कुलूप लागलं.

मे महिन्यात दोन पगार थकले. मी माडी सोडायचं ठरवलं होतं. रस्ते थोडे उघडल्यावर काका मास्क लावून जिना चढून आले. त्यांचंही गॅरेज बंदच होतं. त्यांनी टेबलावर पाकीट ठेवलं. “बीएस-सहाचं छोटं पुस्तक करा, माझ्या पोरांसाठी. अर्धे आगाऊ.” छापायच्या प्रती किती, विचारलं. “बारा.” बारा प्रतींसाठी एवढे पैसे लागत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्या पाकिटातून जून निघाला. जुलैत एका पंपवाल्याचं काम आलं.

२२ ऑक्टोबर २०२१ला नाट्यगृहं पुन्हा उघडली. डिसेंबरात आमचा प्रयोग झाला. काका तिसऱ्या रांगेत होते, सोबत काकू, मुलगा, सून आणि नात. आजीच्या पदाला नात खुर्चीवर उभी राहिली.

आता गॅरेज मुलगा बघतो. काकांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, पण मजकूर त्यांच्यासमोर वाचायलाच लागतो. गेल्या आठवड्यात इलेक्ट्रिक गाड्यांची पुस्तिका घेऊन मीच गेले. पहिल्या पानावर ‘उच्च दाबाच्या केशरी वायरी हाताळू नयेत’ असं होतं. काकांनी चष्मा लावला, वाचलं आणि माझं पेन मागून घेतलं. त्यांनी लिहिलं : ‘केशरी वायरला हात नको.’ तेच छापायला गेलं आहे.