वंशावळीची वही : तारखांचे रकाने पुन्हा आखले

जन्म, लग्न, मृत्यू असे तीनच रकाने ठेवले की वही भराभर भरते आणि तितक्याच लवकर बिनसते. आता घटनेची तारीख वेगळी, नोंदीची वेगळी, आणि शेजारी कागदाचं नाव. दोन कागद भांडले तर एक खोडायचा नाही, दोन्ही ठेवायचे.

सर्वांत फसवा कागद फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद. वारस नोंद १९५४ ची असेल तर मृत्यू १९५४ चा ठरत नाही. वाटणी किंवा कर्जाचं काम निघेपर्यंत वारस चढवायला कोणी जात नसे. मृत्यूपुढे '१९५४ आधी' एवढंच लिहावं. 'तोवर हयात' हे ठरवायला त्यांच्या अंगठ्याचं शेवटचं खरेदीखत शोधावं.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल घटनेच्या जास्त जवळची. पण नोंद बारशाआधीची, त्यामुळे पुष्कळदा नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव. एका नावाचे दोन बाप गावात असतातच. मौजा, जातीचा रकाना आणि भावंडांचा क्रम जुळल्याशिवाय ती तारीख कोणाला चिकटवू नये.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातला '१ जुलै' हा जन्मदिवस पेन्सिलीनेच लिहावा. सख्ख्या भावंडांत सात महिन्यांचं अंतर निघालं की गुरुजींचा अंदाज ओळखावा. त्याच ओळीतली शाळेत दाखल झाल्याची तारीख मात्र पक्की, तिला स्वतंत्र जागा.

तिथी आधी जशीच्या तशी उतरवावी, इंग्रजी तारीख नंतर. पितृपक्षातल्या श्राद्धावरून फक्त तिथी कळते. महिना आणि पक्ष हवा तर वर्षश्राद्ध कधी घालतात ते विचारावं. शकात सरसकट ७८ मिळवू नयेत : शके १८४० चा कार्तिक १९१८ मध्ये येतो, माघ १९१९ मध्ये. घर मारवाडी किंवा परदेशी (म्हणजे उत्तर हिंदुस्तानातून आलेलं) असेल तर वद्य पक्षात महिना एकाने पुढे असतो. त्यांचा मार्गशीर्ष वद्य म्हणजे आपला कार्तिक वद्य. पहाटेच्या मृत्यूत पंचांगाचा वार आणि कोतवालाची तारीख एका दिवसाने हुकते. ती चूक नव्हे.

'मानमोडीत', म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, 'गेली' असं कोणी सांगितलं तर शब्द तसेच ठेवून बाजूला '१९१८ अखेर?' लिहावं.

साखरपुड्याचा रकाना काढून टाकला. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीसाठी नवा घातला आहे : तिथली तारीख यात्रेची, मृत्यूची नव्हे, आणि ज्याने नावं सांगितली तो त्या दिवशी हयात होता एवढं तिच्यावरून धरता येतं.