हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: आधी तिथी बघा, मग चपला काढा

यंदा १ मे शुक्रवारी आला, पुढे शनिवार-रविवार, म्हणून पुण्याहून आम्ही चौघे मित्र हरिहरेश्वरला जाऊन आलो. आल्यापासून जो तो विचारतोय, बीच कसा आहे. बीच बरा आहे. मला बोलायचंय ते देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेबद्दल, कारण तिथे आम्हाला "कधीही जा हो, अर्ध्या तासाचं काम" असं सांगून पाठवलं होतं.

रस्त्याचं आधी उरकतो. ताम्हिणीमार्गे जाणार असाल तर पहाटे चारला पुणं सोडा. आम्ही साडेसहाला निघालो, घाट झकास उतरलो आणि माणगावात मुंबई-गोवा महामार्गाला टेकताच अडकलो. नकाशात बोटाच्या पेराएवढा दिसणारा तुकडा, तिथे पावणेदोन तास गेले. गाडीतच एक अख्खं कलिंगड संपलं. म्हसळ्याच्या रस्त्याला लागलं की मग काही त्रास नाही.

रूम फोनवर ३,५०० ला ठरली होती. पोचल्यावर "लाँग वीकेंड आहे ना" म्हणून ४,५००, आणि चौथ्या गादीचे ५०० वेगळे. अ‍ॅडव्हान्स टाकण्याआधी दर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तोंडी बोलण्याला काही अर्थ नाही. 'सी-टच' म्हणजे काय, तर बाथरूममध्ये बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं की खिडकीतून समुद्र दिसतो. फोटोतली गर्द सुपारीची वाडी मात्र खरी होती, फक्त २०२० च्या आधीची. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, सगळीकडच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी झाडं आता कुठे अंगाला आली आहेत. मालक हे सांगताना नारळाच्या एका बुंध्याकडे बघत होते, तेव्हा भाड्याचा वाद मी तिथेच सोडला. फोटो बदला, एवढं मात्र बोललो.

आता शनिवार. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, असा इथला दर्शनाचा रिवाज. ते रीतसर केलं आणि पावणेबाराला, अनवाणी, प्रदक्षिणेला निघालो. अनवाणीचा हट्ट आमच्यातल्या एकाचा, नाव सांगत नाही, त्याला अजून चालता येत नाही. टेकडी चढून गेलं की दोन कातळांच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि समोर समुद्राची उभी पट्टी दिसते. सगळे तिथे फोटो काढतात, आम्हीही काढले. धोक्याची पाटी आहे. वाचली, तिच्यासमोरही फोटो काढला.

मे महिन्यातला भर दुपारचा कातळ म्हणजे तापलेला तवा. पाय भाजायला लागले की माणूस आपोआप ओल्या खडकाकडे, म्हणजे पाण्याच्या कडेला सरकतो. फसतो तो तिथेच. ओल्या खडकावर शेवाळ, आणि शेवाळ नाही तिथे कालवं. मी घसरलो, तळहात टेकला, उचलला तेव्हा काहीच नव्हतं. मग चार बारीक रेघा उमटल्या आणि हळूहळू लाल झाल्या. खडकाच्या भिंतीला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत, ती फार सुंदर आहेत म्हणे. माझं लक्ष पायांकडे होतं.

पुढे एके ठिकाणी खडक खाली दबलाय, तिथे पाणी आत शिरतं. घोट्याएवढं होतं. एक लाट गेली, दुसरी गेली, दोघे पलीकडे पोचले आणि तिसरी थेट कमरेला लागली. एकाचा मोबाईल गेला. दोघे अलीकडे, दोघे पलीकडे, डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला उभा कडा. टॉवेलचं एक टोक आम्ही धरलं, दुसरं त्यांनी, आणि दोन लाटांच्या मध्ये ते परत आले. चौघांनाही पोहता येतं, पण खडकावर आपटणाऱ्या पाण्यात त्याचा काडीचा उपयोग नाही.

वर सरबतवाल्या मावशींनी आमच्याकडे बघितलं आणि आधी पाणी दिलं. "काल पुनव झाली ना? मग बारा वाजता कसले उतरता? पंचांग नाय बघत?"

त्यांनी शिकवलेला हिशोब असा. तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. प्रतिपदेला पाऊण, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण पुनवेला-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा दुपारी खाली उतरायचंच नाही. अष्टमीच्या सुमाराला दुपारी ओहोटी मिळते. पाणी उतरत असताना खाली जा, चढायला लागलं की वर या. ग्रिप असलेले सँडल घाला, देव रागावत नाही. आणि पोहायचं असेल तर इथे नकोच, दिवेआगरला जा.

शनिवारची उरलेली दुपार शेखाडीच्या समुद्रालगतच्या रस्त्याने दिवेआगरला. छान झाली.

रविवारी द्वितीया, म्हणजे भरती दीडला. पावणेसातला उतरलो तर तीच जागा कोरडी ठणठणीत, एक पोरगा तिथे खेकडे शोधत होता. चाळीस मिनिटांत प्रदक्षिणा पूर्ण. कालची जागा एकमेकांना दाखवताना आमचं आम्हालाच खोटं वाटायला लागलं.

आठला निघून माणगाव गर्दीच्या आत गाठायचं ठरलं होतं. पण शनिवारी कोकम सरबताचे आठ ग्लास उधारीवर प्यायलो होतो. रोख पैसे रूमवर, फोनला रेंज नाही. मावशींचे १६० रुपये द्यायचे होते आणि त्या साडेनऊशिवाय उगवत नाहीत. थांबलो. पैसे दिले, वर आणखी चार ग्लास प्यायलो, आणि माणगावात पुन्हा दोन तास दहा मिनिटं उभे राहिलो. या वेळी कलिंगडही नव्हतं.