पाय दाखव

साहेब गेले त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाच्या स्टेटसला कमांडोचा फोटो होता. तोंडाला काळं फासलेला, हातात बंदूक, मागं हेलिकॉप्टर. त्यातला एकही साहेबांचा नव्हता, सगळे नेटवरून उचललेले. साहेबांचे धड फोटो दोनच. एक आधार कार्डावरचा, दुसरा पोराच्या लग्नातला, फेटा बांधून अवघडून उभे राहिलेले. काकूंनी तो फेट्यातलाच फ्रेम करून घेतला. बरं केलं.

१९८८ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, पुढं २१ मराठामध्ये गेले. हीच पलटण १९९६ ला २१ पॅरा स्पेशल फोर्सेस झाली. पाटी बदलली म्हणून माणूस काही कमांडो होत नाही, प्रोबेशन, म्हणजे निवडीची परीक्षा, द्यावं लागतं. साहेब तेव्हा लेकराचे बाप होते. तरी दिलं आणि टिकले. आग्र्याच्या पॅराशूट ट्रेनिंगला पाच उड्या असतात, त्यातली एक रात्रीची. “पहिल्या उडीला काही कळतच नाही,” म्हणायचे, “भ्या वाटतंय ते दुसरीला.” उडीबद्दल याहून जास्त मी तरी कधी ऐकलं नाही.

रिटायर होऊन आले आणि औसा तालुक्यातल्या आमच्या गावाच्या माळावर पहाटे भरतीसाठी पोरांना पळायला शिकवू लागले. फी नाही, अकॅडमीचा बोर्ड नाही. मी गेले तेव्हा आम्ही दोघीच पोरी होतो. वडील तयार नव्हते. साहेब घरी आले, चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले आणि उठताना म्हणाले, “उद्या साडेचारला पाठवा.” वडिलांना नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

मला वाटलेलं, रायफल नाही तर निदान कुस्तीसारखं काहीतरी शिकवतील. पहिल्या दिवशी म्हणाले, “पाय दाखव.” तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या, सगळं बघितलं. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात गोल नाही. मोजा ओला झाला की बदलायचा, आधी बोटांची बेचकी कोरडी करायची. फोड आला तर कातडं ओढून काढायचं नाही. सुई तापवून कडेनं पाणी काढायचं, वरचं कातडं तसंच राहू द्यायचं. आठवडाभर हेच. माझ्यासोबतची मैत्रीण म्हणाली, हे कमांडो आहेत का चांभार? त्यांनी ऐकलं. “चांभार असतो तर तुझे बूट तरी नीट असते,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कुठूनतरी तिच्या मापाचे जुने बूट घेऊन आले.

मग बांधावरून उडी. दोन्ही पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, जमीन लागली की अंग सोडून कुशीवर लोळायचं. ही पॅराशूटवाल्यांची उतरायची रीत. पोलीस भरतीत ती काय कामाची, हे मी विचारलं नाही. भरतीत पोरींना ८०० मीटर, १०० मीटर आणि चार किलोचा गोळा, एवढंच असतं. ८०० ला मी मागं पडले की स्टॉपवॉच हलवत ओरडायचे, “पळायलीस का वरातीत चालायलीस?”

अमावास्येला बॅटरी न घेता चालवायचे. उजेडातून आल्यावर डोळ्यांना अंधार पुरता पचायला अर्धा तास लागतो, तोवर मोबाइल काढायचा नाही. आणि अंधारात जे बघायचं त्याच्याकडं थेट बघायचं नाही, जरा बाजूला नजर ठेवायची, मग ते दिसतं. आता पोलिसातल्या नाइट राउंडला हे मला लई कामाला येतं.

लढाईच्या गोष्टी मात्र त्यांच्याकडून निघायच्या नाहीत. मणिपूरचं विचारलं की जळवांवर यायचे. पावसात त्या पायात कशा शिरतात, मीठ लावलं की कशा गळून पडतात. जून २०१५ मध्ये म्यानमारच्या हद्दीवरच्या कारवाईची बातमी टीव्हीवर आली, २१ पॅराचं नाव आलं, तेव्हा अर्धं गाव त्यांच्या ओट्यावर. त्यांनी एकच विचारलं, “पोरं सगळी परत आली का?” आली म्हटल्यावर म्हशींना पाणी दाखवायला उठून गेले. २०१९ ला धोनीच्या ग्लोव्हजवर पॅरा स्पेशल फोर्सेसचं बलिदान हे चिन्ह दिसलं, त्यावरून वाद झाला. पोरं तावातावानं साहेबांचं मत विचारायला गेली. “धोनीनं आग्र्याला पाचही उड्या मारल्यात,” ते म्हणाले. “तू आधी सोळाशे मीटर मार.”

किल्लारीच्या भूकंपाचं एकदाच बोलले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले, आणि दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. साहेब तेव्हा पलटणीत, फार लांब. गावात पोचेपर्यंत काही दिवस गेले होते. त्यांच्या वाड्याच्या ढिगाऱ्यावर दुसऱ्याच रेजिमेंटचे जवान होते. त्यांच्यातल्या एकानं साहेबांच्या आईला जिवंत बाहेर काढलं होतं. “त्याला मराठी येत नव्हतं. आईला हिंदी येत नव्हतं. तिनं त्याला भाकरी देऊ केली, तो नको म्हणाला, कारण घरात भाकरीच तेवढी होती.” त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, एवढं बोलून लगेच “चल, दोन राउंड बाकी आहेत,” म्हणाले. वडील त्या ढिगाऱ्यातून वाचले नव्हते, हे मला नंतर काकूंकडून कळलं.

सगळंच गोड नव्हतं. गुटखा खाताना सापडला त्याला माळावर पुन्हा पाय ठेवू द्यायचे नाहीत. एक पोरगा असाच गेला, पळायला आमच्या सगळ्यांत चांगला होता. दोन महिने बाहेर ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण दारं अशी बंद करायला नको होती. हे मी साहेबांना तोंडावर सांगितलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला ते आजही पटत नाही. तो आता लातूरला टेम्पो चालवतो. अंत्यविधीला शेजारच्या गावातले माजी सैनिक त्याच्याच टेम्पोतून आले.

साहेब झोपेतच गेले. सकाळी पोरं माळावर थांबून राहिली आणि मग कोणीतरी घरी बघायला गेलं.

आता माळावर आम्ही जुनी मंडळी आळीपाळीनं जातो. मी साप्ताहिक सुटीला जाते. पोरी म्हणतात, ताई, तुम्ही साहेबांपेक्षा जास्त ओरडता. ओरडते. यंदा आठ पोरी आहेत आणि त्यातल्या दोघी अनवाणी पळतात, एकीच्या टाचेला भेग पडलीय. साहेब जुन्या पोरांकडून वापरलेले बूट मागून आणायचे, त्याची वही काकूंनी माझ्याकडं दिलीय. त्यात प्रत्येकाच्या नावापुढं पायाचा नंबर लिहिलेला आहे. कोणाकडं पाच आणि सहा नंबरचे, तळ फार न झिजलेले पळायचे बूट असतील तर कळवा. लातूरपर्यंत आले तरी चालतील, पुढं टेम्पो आहे.